आल्बिनिझम असलेले मूल वाढवताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बाळ जन्मले की घरात पहिली चर्चा होते ती रंगाची आणि ते कुणावर गेले याची. बाळाचे केस पांढरे, पापण्या पांढऱ्या आणि त्वचा दुधासारखी असेल, तर पहिले दोन दिवस ‘किती गोरं आहे’ असे कौतुक होते. त्यानंतर कुजबूज सुरू होते. आई-वडील तपासणीसाठी येतात तेव्हा त्यांचे बहुधा दोनच प्रश्न असतात : हे कशामुळे झाले, आणि रंग कधी येईल?

‘बाळाला दिसते किती?’ हा तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असतो, पण तो अनेकदा चार-पाच वर्षांनी विचारला जातो. तोही शाळेतून ‘मूल लक्ष देत नाही, फळ्यावरचे लिहून घेत नाही’ अशी तक्रार आल्यावर. सगळ्यांची नजर रंगावर खिळलेली असल्यामुळे डोळ्यांची तपासणी लांबते, त्वचा उन्हात भाजत राहते आणि आईला दोष देण्यात महिने जातात. पालकांच्या मनात नेहमी असणारे आणि नातेवाईक-शेजाऱ्यांकडून ऐकायला मिळणारे गैरसमज आणि त्यांमागची वस्तुस्थिती या लेखात दिली आहे.

थोडक्यात महत्त्वाचे

• आल्बिनिझम जन्मतःच असतो. तो जनुकांतील बदलामुळे होतो; आहार, ग्रहण, नजर किंवा पाप-पुण्य यांच्याशी त्याचा संबंध नाही.
• तो संसर्गाने पसरत नाही. तो कोड नव्हे.
• मुलाची बुद्धी इतर मुलांसारखीच असते.
• नजर कमी असते, पण बहुतेक मुले पूर्ण अंध नसतात आणि वयाबरोबर अंध होत नाहीत.
• उन्हापासून संरक्षण आयुष्यभर करावे लागते, आणि ते पहिल्या दिवसापासून सुरू करावे.

आल्बिनिझम म्हणजे काय?

आपली त्वचा, केस आणि डोळे यांना रंग देणाऱ्या द्रव्याला मेलॅनिन म्हणतात. ते तयार करणाऱ्या रंगपेशी आल्बिनिझममध्येही शरीरात असतात, पण मेलॅनिन तयार होण्याच्या साखळीतील एखादी कडी नीट काम करत नाही. उदाहरणार्थ, एका प्रकारात टायरोसिनेज नावाचे विकर तयार होत नाही किंवा अपुरे काम करते. त्यामुळे मेलॅनिन अजिबात तयार होत नाही किंवा फार कमी तयार होते. मराठीत या स्थितीला वर्णहीनता असेही म्हणतात.

मेलॅनिनचे काम केवळ रंग देण्याचे नाही. ते त्वचेचे सूर्यकिरणांपासून रक्षण करते. गर्भात डोळ्याची वाढ होताना, विशेषतः डोळ्याच्या पडद्याचा मध्यभाग घडताना, मेलॅनिनची गरज असते. बारीक अक्षरे, चेहऱ्यावरचे बारकावे आपण या मध्यभागाने पाहतो. आल्बिनिझममध्ये हा भाग पुरेसा विकसित होत नाही. शिवाय डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसांचे तंतू नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात विरुद्ध बाजूला जातात. म्हणून आल्बिनिझम जितका त्वचेचा, तितकाच किंवा त्याहून अधिक डोळ्यांचा विषय आहे.

याचे अनेक प्रकार आहेत. काही मुलांचे केस पूर्ण पांढरे असतात, काहींचे पिवळसर, सोनेरी किंवा तपकिरी असतात. काही प्रकारांत वय वाढते तसा केसांना आणि त्वचेला थोडा रंग येतो. एका प्रकारात त्वचा आणि केस जवळजवळ इतरांसारखेच दिसतात आणि परिणाम मुख्यतः डोळ्यांवर होतो. हा प्रकार बहुधा मुलग्यांमध्ये आढळतो. युरोप आणि उत्तर अमेरिकेत साधारण 17,000 ते 20,000 जन्मांमागे एका बाळाला आल्बिनिझम असतो. आफ्रिकेच्या काही भागांत हे प्रमाण बरेच जास्त आहे.

कारणांविषयीचे गैरसमज

गैरसमज : गरोदरपणात पांढरे पदार्थ जास्त खाल्ले किंवा ग्रहण पाळले नाही, म्हणून असे झाले.

आपल्याकडे बाळ गोरे व्हावे म्हणून केशर-दूध, शहाळे, लोणी देण्याची पद्धत आहे. मग असे बाळ जन्मले की तेच पदार्थ ‘अति झाले’ असे म्हटले जाते. प्रत्यक्षात आईने काय खाल्ले यावर बाळाच्या त्वचेचा रंग ठरत नाही. ग्रहणात आईने काय चिरले, कुठे पाहिले याचाही काही परिणाम होत नाही. बाळाची जनुके गर्भधारणेच्या क्षणीच ठरतात. आईला दिवस गेल्याचे कळते, त्याच्या आधीच ही गोष्ट ठरून गेलेली असते.

गैरसमज : आमच्या सात पिढ्यांत असे कुणी नाही. म्हणजे दोष आईकडून आला.

त्वचा, केस आणि डोळे या तिन्हींवर परिणाम करणाऱ्या नेहमीच्या प्रकारात बाळाला बदललेले जनुक दोघांकडूनही मिळावे लागते : एक आईकडून, एक वडिलांकडून. एकच बदललेले जनुक असलेली व्यक्ती पूर्णपणे सामान्य दिसते. तिला वाहक म्हणतात. सुमारे 70 माणसांमागे एक जण अशा जनुकाचा वाहक असतो असा अंदाज आहे. असे जनुक पिढ्यान्पिढ्या कुणालाही न कळता पुढे जात राहते. एका वाहकाचे दुसऱ्या, त्याच जनुकाच्या वाहकाशी लग्न झाले तरच ते उघड होण्याची शक्यता असते. घराण्यात पूर्वी कुणालाही आल्बिनिझम नसणे हेच बहुतेक कुटुंबांत आढळते.

त्यामुळे बाळाच्या रंगावरून आईच्या चारित्र्यावर संशय घेणे हा घोर अन्याय आहे. या प्रकारात वडिलांचा वाटा आईइतकाच असतो. फक्त डोळ्यांवर परिणाम करणाऱ्या प्रकारात जनुक बहुधा आईकडून मुलाकडे येते, पण तिथेही तो तिचा अपराध ठरत नाही. आपण कोणती जनुके पुढे द्यायची हे कुणाच्याच हातात नसते. शक्य असेल तर निदानानंतरच्या पहिल्या भेटीला बाळाच्या वडिलांनी आणि घरातील मोठ्या माणसांनीही यावे. सासूबाईंनी ही गोष्ट थेट डॉक्टरांकडून ऐकली की घरातले वातावरण बदलायला मदत होते.

गैरसमज : नात्यात लग्न केले की असेच होते.

मामेबहीण-आतेभाऊ किंवा मामा-भाची अशा लग्नांत दोघांकडे एकच बदललेले जनुक असण्याची शक्यता वाढते, हे खरे आहे. पण नात्यात लग्न केलेल्या बहुतेक जोडप्यांच्या मुलांना आल्बिनिझम नसतो, आणि नात्यात लग्न न केलेल्या जोडप्यांनाही असे मूल होऊ शकते.

गैरसमज : एका मुलाला झाला, आता पुढच्याला होणार नाही.

दोघेही एकाच जनुकाचे वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत आल्बिनिझमची शक्यता चारात एक, म्हणजे 25 टक्के असते. पहिल्या मुलाला असला म्हणून दुसऱ्याच्या वेळी ती कमी होत नाही आणि वाढतही नाही. पुढच्या बाळाचा विचार करण्यापूर्वी जनुकीय समुपदेशकाचा सल्ला घ्या. रक्ताच्या तपासणीतून नेमका प्रकार आणि जनुकातील बदल अनेकदा कळू शकतो.

गैरसमज : हे कोड आहे, किंवा त्यातलाच प्रकार आहे.

कोड जन्मानंतर केव्हाही सुरू होऊ शकते. त्यात आधी रंग असलेल्या त्वचेवरील रंगपेशी नष्ट होतात आणि पांढरे डाग पडतात. आल्बिनिझममध्ये जन्मापासून सगळ्या त्वचेचा रंग कमी असतो. यांपैकी काहीही स्पर्शाने, एकत्र जेवल्याने किंवा कपडे वापरल्याने पसरत नाही. दोन्हींत गल्लत केल्याने चुकीचे उपचार होतात. त्याविषयी पुढे दिले आहे.

डोळ्यांविषयीचे गैरसमज

गैरसमज : आल्बिनिझममध्ये डोळे लाल असतात. याचे तर निळसर आहेत, म्हणजे आल्बिनिझम नाही.

बहुतेक मुलांचे डोळे निळसर, करडे किंवा तपकिरी असतात. डोळ्यात रंगद्रव्य कमी असल्याने काही प्रकाशात किंवा फोटोत आतल्या रक्तवाहिन्यांचा लालसरपणा दिसतो, इतकेच.

गैरसमज : बुबुळे सतत हलतात, म्हणजे मेंदूत काहीतरी आहे किंवा आकडी येते.

डोळ्यांच्या या आपोआप होणाऱ्या थरथरीला निस्टॅग्मस म्हणतात. आल्बिनिझममध्ये ती बहुधा वयाच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात दिसू लागते. ती आकडी नव्हे. मुलाला त्यामुळे समोरचे जग हलताना दिसत नाही. वयाबरोबर ती बऱ्याचदा कमी होते. थकवा, आजारपण किंवा घाबरल्यावर वाढते. मात्र बाळाचे डोळे हलत असतील तर कारण नक्की करण्यासाठी नेत्रतज्ज्ञांना दाखवलेच पाहिजे.

पहिल्या काही महिन्यांत बाळ नजरेला नजर देत नाही, खेळण्यामागे पाहत नाही, म्हणून पालक घाबरतात. अशा अनेक बाळांचे लक्ष पुढील महिन्यांत सुधारते.

गैरसमज : हळूहळू मूल आंधळे होणार.

आल्बिनिझममुळे होणारी नजरेची कमतरता सहसा वाढत जात नाही. उलट, बालपणात नजर थोडी सुधारते आणि मग स्थिर राहते. दूरचे पाहण्याची क्षमता बहुधा 6/18 ते 6/120 यांच्या दरम्यान असते. 6/60 याचा अर्थ असा की, इतरांना जे अक्षर 60 मीटरवरून वाचता येते, ते वाचायला या मुलाला 6 मीटरपर्यंत जवळ यावे लागते. म्हणजे दिसते, पण जवळून. नजर अचानक कमी झाली असे वाटले तर ते ‘आल्बिनिझममुळेच’ असे समजून बसू नका. दुसरे कारण असू शकते. लगेच तपासणी करा.

गैरसमज : चष्मा लावला की पूर्ण दिसेल. किंवा, चष्म्याने पूर्ण दिसत नाही, मग लावायचाच कशाला?

दोन्ही टोके चुकीची आहेत. या मुलांना बऱ्याचदा मोठा नंबर असतो आणि चष्म्याने तेवढा भाग सुधारतो. डोळ्याच्या पडद्याचा अपुरा विकास मात्र चष्म्याने भरून निघत नाही. चष्म्याशिवाय दिसणे आणि चष्म्यासह दिसणे यांत मुलाच्या शिकण्याच्या दृष्टीने मोठा फरक असू शकतो. गरज असल्यास तान्ह्या बाळालाही चष्मा देता येतो. प्रकाशाचा त्रास कमी करण्यासाठी रंगीत किंवा उन्हात गडद होणाऱ्या काचा आणि पुढे कड असलेली टोपी उपयोगी पडते. डोळ्यांत काजळ घातल्याने प्रकाशाचा त्रास कमी होत नाही आणि जंतुसंसर्ग होऊ शकतो; ते टाळा.

गैरसमज : पुस्तक नाकाला लावून वाचले तर डोळे आणखी बिघडतील.

जवळ धरल्याने अक्षर मोठे दिसते. मुलाने स्वतःच शोधलेला हा उपाय आहे आणि त्याने डोळ्यांना इजा होत नाही. तसेच काही मुले मान विशिष्ट बाजूला वळवून पाहतात. त्या कोनात बुबुळांची थरथर कमी होते आणि स्पष्ट दिसते. ‘मान सरळ कर’ असे सतत ओरडू नका. मान फार वाकडी राहत असेल, तर नेत्रतज्ज्ञ शस्त्रक्रियेचा विचार करू शकतात.

गैरसमज : मूल मंद आहे, लक्ष देत नाही.

आल्बिनिझमचा बुद्धीवर परिणाम होत नाही. पण ज्या मुलाला फळा दिसत नाही, ते वहीत चुकीचे उतरवते. ज्याला बाईंच्या चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत, ते बोलावल्यावर उशिरा प्रतिसाद देते. मैदानावर अंगावर येणारा चेंडू दिसत नाही, म्हणून ते खेळायला जात नाही. जिन्याच्या पायऱ्यांच्या खोलीचा अंदाज येत नाही, म्हणून धडपडते. हे सारे ‘मंद’, ‘आळशी’, ‘घाबरट’ या शब्दांखाली झाकले जाते. नजर न तपासता मुलाच्या बुद्धीविषयी कोणतेही मत बनवू नये.

त्वचेविषयीचे गैरसमज

गैरसमज : बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात ठेवले की रंग येईल.

तेल-मालिश आणि त्यानंतरचे कोवळे ऊन ही आपल्या घरांतली जुनी रीत आहे. या बाळांसाठी मात्र ती धोक्याची आहे. त्यांच्या त्वचेत रंगद्रव्य तयारच होत नाही किंवा फार कमी होते. ऊन दिल्याने रंग येत नाही. त्वचा लाल होते, भाजते, फोड येतात. मालिश घरात, सावलीत करा. सहा महिन्यांपेक्षा लहान बाळासाठी सनस्क्रीनऐवजी सावली, पूर्ण अंग झाकणारे सुती कपडे आणि टोपी यांवर भर द्या.

गैरसमज : ऊन मिळाले नाही तर ‘ड’ जीवनसत्त्व कमी पडेल.

ही काळजी योग्य आहे, पण त्यावर उपाय ऊन हा नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब किंवा औषध सुरक्षितपणे देता येते. उन्हाने त्वचेची होणारी हानी मात्र साठत जाते आणि ती परत भरून काढता येत नाही.

गैरसमज : कोडावरचे औषध लावून पाहायला काय हरकत आहे?

मोठी हरकत आहे. कोडासाठी वापरल्या जाणाऱ्या बावचीत सोरालेन हे द्रव्य असते. ते त्वचेला सूर्यप्रकाशासाठी अधिक संवेदनशील करते. आल्बिनिझम असलेल्या त्वचेवर बावचीचे तेल लावून ऊन दिले तर गंभीर भाजण्याची भीती असते. शरीरात कायमचे मेलॅनिन तयार करणारे कोणतेही सिद्ध औषध, लेप किंवा काढा आज उपलब्ध नाही. ‘तीन महिन्यांत रंग’ अशी हमी देणाऱ्याला पैसे देऊ नका. तेच पैसे चष्मा, टोपी आणि सनस्क्रीनवर खर्च करा.

गैरसमज : पावसाळ्यात, ढगाळ हवेत काळजीची गरज नाही.

ढगांतूनही अतिनील किरण येतात. वाळू, पाणी आणि सिमेंटच्या अंगणावरून ते परावर्तितही होतात. म्हणून झाडाखाली बसलेल्या मुलालाही ऊन लागू शकते. रोजची सवय अशी ठेवा :

• सकाळी 10 ते दुपारी 4 या वेळेत शक्यतो उघड्या उन्हात जाणे टाळा.
• पूर्ण बाह्यांचा, घट्ट विणीचा शर्ट आणि पायघोळ पँट किंवा सलवार घाला. सनस्क्रीनपेक्षा कापड स्वस्त आणि भरवशाचे असते.
• चारही बाजूंनी रुंद कड असलेली टोपी वापरा. नुसत्या पुढे कड असलेल्या टोपीने कान आणि मान उघडी राहतात. छत्री वापरायला लाजू नका.
• उघड्या भागावर एसपीएफ 30 किंवा त्याहून अधिक असलेले सनस्क्रीन बाहेर पडण्यापूर्वी 15 ते 30 मिनिटे लावा. कान, मानेची मागची बाजू, ओठ आणि पावलांची वरची बाजू विसरू नका. बाहेर असाल तर दर दोन तासांनी, आणि घाम आल्यावर किंवा पोहल्यावर पुन्हा लावा.

हे सारे दिसण्यासाठी नाही. संरक्षण नसेल तर तुलनेने तरुण वयातही त्वचेचा कर्करोग होऊ शकतो. संरक्षण केले तर हा धोका खूप कमी होतो. दर सहा महिन्यांनी ते वर्षाने त्वचारोगतज्ज्ञांकडून पूर्ण त्वचा तपासून घ्या.

आयुष्याविषयीचे गैरसमज

गैरसमज : अशी मुले फार जगत नाहीत, सतत आजारी पडतात.

आल्बिनिझमच्या नेहमीच्या प्रकारांत आयुर्मान इतरांइतकेच असते. लसीकरण, आहार आणि वाढीचे टप्पे इतर मुलांसारखेच ठेवा. अगदी थोड्या मुलांमध्ये आल्बिनिझम हा एखाद्या मोठ्या आजाराचा भाग असतो. हर्मान्स्की-पुडलॅक सिंड्रोममध्ये रक्त लवकर थांबत नाही. चेडियाक-हिगाशी सिंड्रोममध्ये वारंवार गंभीर जंतुसंसर्ग होतात. म्हणून मुलाला सहज काळेनिळे डाग पडतात का, नाकातून वारंवार रक्त येते का, हे डॉक्टरांना जरूर सांगा. दात काढणे, सुंता किंवा कोणतीही शस्त्रक्रिया करण्यापूर्वी आल्बिनिझमचा उल्लेख करा.

गैरसमज : याला अंध शाळेतच घालावे लागेल.

बहुतेक मुले छापील अक्षरे वाचू शकतात आणि नेहमीच्या शाळेत उत्तम शिकतात. त्यांना काही सोयी लागतात. भिंग, दूरचे पाहण्यासाठी एका डोळ्याला लावायची छोटी दुर्बीण, अक्षरे मोठी करणारा मोबाइल किंवा टॅबलेट यांचा खूप उपयोग होतो. ही साधने निवडण्यासाठी आणि वापरायला शिकण्यासाठी कमी दृष्टी चिकित्सा विभाग असलेल्या नेत्ररुग्णालयात जा.

गैरसमज : मोठेपणी काय करणार? लग्न कसे होणार?

आल्बिनिझम असलेली माणसे शिक्षक, वकील, बँक कर्मचारी, संगणकतज्ज्ञ, कलावंत म्हणून काम करतात. मालीचे जगप्रसिद्ध गायक सलीफ केटा यांना आल्बिनिझम आहे. दिवसभर उन्हातली कामे टाळावीत. नजरेच्या अटीमुळे अनेकांना वाहन चालवण्याचा परवाना मिळत नाही, हे वास्तव मुलाला वेळेवर आणि सरळ सांगावे. लग्न आणि मूल होण्यात आल्बिनिझममुळे शारीरिक अडचण नसते. जोडीदार त्याच जनुकाचा वाहक नसेल तर मुलांना हा आल्बिनिझम होत नाही. ती फक्त वाहक असतात.

गैरसमज : हे अशुभ आहे. किंवा, हा देवाचा अवतार आहे.

टांझानिया आणि मलावीसारख्या देशांत अंधश्रद्धेपोटी आल्बिनिझम असलेल्या लोकांवर प्राणघातक हल्ले झाले आहेत. संयुक्त राष्ट्रांनी 13 जून हा आंतरराष्ट्रीय आल्बिनिझम जागृती दिन ठरवला, त्यामागे हीही पार्श्वभूमी आहे. आपल्याकडे ‘पांढऱ्या पायाची’ म्हणून मुलीला शुभकार्यापासून दूर ठेवले जाते, तर कुठे मुलाला पाया पडण्यासाठी पुढे बसवले जाते. दोन्हींत त्याचे साधे मूलपण हरवते. त्याला पंगतीत, बारशाला, वाढदिवसाला इतर मुलांसारखेच न्या.

शाळेशी काय बोलावे?

शाळा सुरू होण्यापूर्वी वर्गशिक्षकांना भेटा आणि नेत्रतज्ज्ञांचे पत्र द्या. पुढील गोष्टी मागा. यांतल्या बहुतेकांना एक रुपयाही खर्च येत नाही.

• पहिल्या बाकावर जागा द्यावी, पण तोंड खिडकीकडे नसावे. प्रकाश पाठीमागून यावा.
• फळ्यावर लिहिताना शिक्षकांनी मोठ्याने वाचावे. मुलाला उठून फळ्याजवळ जाण्याची किंवा फळ्याचा फोटो घेण्याची मुभा असावी.
• झेरॉक्स फिकट नसावी. मोठी, ठळक अक्षरे असावीत.
• वाचनासाठी उतरता डेस्क मिळाल्यास मान आणि पाठ दुखत नाही.
• गणवेश पूर्ण बाह्यांचा, आणि टोपी-गॉगल वापरण्याची परवानगी असावी.
• कवायत आणि खेळ सकाळी लवकर किंवा सावलीत व्हावेत. मुलाला खेळातून वगळू नये. मोठा, भडक रंगाचा चेंडू चालतो.
• परीक्षेत जास्त वेळ आणि मोठ्या अक्षरांतील प्रश्नपत्रिका मिळावी.

सरकारी सवलती

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये 21 प्रकारांची दिव्यांगत्वे दिली आहेत. त्यांत आल्बिनिझम हे नाव स्वतंत्रपणे नाही, पण ‘अल्पदृष्टी’ आहे. त्यामुळे प्रमाणपत्र त्वचेच्या रंगावर नव्हे, तर चष्मा लावून मोजलेल्या नजरेवर मिळते. यूडीआयडी पोर्टलवर अर्ज केल्यावर शासकीय रुग्णालयात तपासणी होते. दिव्यांगत्व 40 टक्के किंवा अधिक असल्यास 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आणि इतर अनेक सवलती लागू होतात. प्रमाणपत्र घेतल्याने मुलावर शिक्का बसतो, असे काही पालकांना वाटते. पण दहावीच्या परीक्षेत वाढीव वेळ हवा असेल तर कागद हातात असणे गरजेचे असते, आणि तो ऐनवेळी मिळत नाही.

अंगणवाडी आणि सरकारी शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते. त्यांना मुलाची नजर तपासायला सांगा. ते पुढील तपासणीसाठी जिल्हा पातळीवर पाठवू शकतात.

मुलाशी काय बोलावे?

तीन-चार वर्षांचे मूल स्वतःच विचारते, ‘माझे केस असे का?’ खरे आणि छोटे उत्तर द्या : ‘तुझ्या शरीरात रंग कमी तयार होतो. म्हणून केस पांढरे आहेत, आणि म्हणून आपण टोपी घालतो.’ ‘मोठा झालास की काळे होतील’ असे खोटे आश्वासन देऊ नका.

रस्त्यात कुणी ‘फॉरेनर’ म्हणेल, कुणी म्हातारा म्हणेल. अशा वेळी पालक काय करतात ते मूल पाहत असते. तुम्ही त्याचा चेहरा झाकून घाईने पुढे गेलात, तर ते लपणे शिकते. तुम्ही शांतपणे ‘याला आल्बिनिझम आहे, जन्मापासून आहे’ असे म्हणालात, तर तेच वाक्य ते पुढे शाळेत स्वतः वापरते. केस काळे करायचे की नाही, हा निर्णय मोठेपणी त्याच्यावर सोडा.

भावंडांनाही हे समजावून सांगा. सगळी काळजी एकाच मुलाभोवती फिरू लागली की दुसरे मूल गप्प होते.

डॉक्टरांकडे कधी जावे?

• आल्बिनिझमची शंका येताच : बालरोगतज्ज्ञ, नेत्रतज्ज्ञ आणि त्वचारोगतज्ज्ञ या तिघांकडे.
• त्यानंतर नेत्रतज्ज्ञांच्या सल्ल्यानुसार दर सहा महिन्यांनी ते वर्षाने. वाढत्या वयात नंबर बदलतो.
• चार आठवड्यांत न भरणारी जखम, खपली धरून पुन्हा रक्त येणारा भाग, किंवा नवीन वाढणारी गाठ दिसल्यास. आल्बिनिझममध्ये कर्करोगाची गाठ काळी नसून गुलाबीही असू शकते.
• उन्हाने फोड आल्यास, सोबत ताप किंवा मलूलपणा असल्यास त्याच दिवशी.
• सहज काळेनिळे डाग पडणे, रक्त न थांबणे, वारंवार गंभीर जंतुसंसर्ग होणे. रक्त न थांबण्याची शंका असेल तर ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन स्वतःहून देऊ नका.
• नजर अचानक कमी झाल्यासारखी वाटल्यास.

निदान झाल्यावर पहिल्या महिन्यात तीन गोष्टी करा : डोळ्यांची पूर्ण तपासणी, उन्हापासून संरक्षणाची सुरुवात, आणि घरातल्या सर्वांना एकत्र बसवून कारणाविषयी बोलणे. यांतली तिसरी गोष्ट लांबणीवर टाकू नका. आईवरचा दोष उतरला, की घरातल्या सगळ्यांना मुलाच्या नजरेकडे लक्ष द्यायला सवड मिळते.